कंपाऊंडची जुळवणी: बाण सरळ सुटावा म्हणून

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहाच्या कड्यात घातले. १५० पैकी १५०. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ करूनही हरला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली, उसाच्या शेतात उभ्या राहिलेल्या अकादमीत तयार झालेले.

कंपाऊंडमध्ये लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि दहाच्या कड्याचा व्यास असतो ८ सेंटिमीटर, म्हणजे लहानशा वाटीच्या तोंडाएवढा. डोळ्यापासून स्कोपपर्यंतचं, म्हणजे नेम धरायच्या भिंगापर्यंतचं, अंतर साधारण ८५ सेंटिमीटर धरलं, तर स्कोप १ मिलिमीटरने सरकला की बाण ५० मीटरवर जवळजवळ ६ सेंटिमीटर सरकतो. मध्यापासून कड्याची धार फक्त ४ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे मिलिमीटरभर चूक झाली की दहा गेलाच. नेम धरण्यातली ही बारीकसारीक चूक हाताची असते आणि ती सरावाने कमी होते. पण बाणच वाकडा सुटत असेल, शेपूट हलवत जात असेल, तर सराव कितीही करा, बाणांचा गठ्ठा लक्ष्यावर पसरलेलाच राहतो. म्हणून जुळवणी, म्हणजे आपल्या मैदानी बोलीत ट्यूनिंग, नीट समजून करायला हवी.

हे लिहितोय भिलाईच्या कॅम्प-१ मधून. पोलाद कारखाना उभा राहत असताना कामगारांसाठी वसलेली ही वस्ती. इथे घरं एकमेकांना चिकटून आणि गल्ल्या अरुंद. ५० मीटर मोकळी जागा हवी तर मैदानच गाठावं लागतं. मात्र जुळवणीचं अर्ध्याहून जास्त काम टेबलावर आणि दोन मीटरच्या अंतरात होतं, हे नवशिक्याला कुणी सांगत नाही. त्यात नवशिक्याच्या हाती येणारं कंपाऊंड बरेचदा आधी दुसऱ्या कुणाच्या मापाने बांधलेलं असतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय, तेव्हा या प्रकाराकडे वळणारी मुलं वाढणारच. त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी यंत्र समजून घेऊ. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी साध्या धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आजच्या कंपाऊंडमध्ये त्या चाकांच्या जागी वेड्यावाकड्या आकाराचे कॅम असतात. दोरी ओढली की कॅम फिरतात, केबल गुंडाळल्या जातात आणि लिम्ब, म्हणजे धनुष्याचे दोन्ही बाहू, वाकतात. सुरुवातीला जोर वाढत जातो. कॅम एका टप्प्यापलीकडे फिरला की जोर एकदम उतरतो. जागतिक नियमानुसार कंपाऊंडचं पाउंडेज, म्हणजे खेचताना लागणारा जास्तीत जास्त जोर, ६० पाउंडांपर्यंतच चालतं. त्यातला ७५ टक्के जोर उतरत असेल, तर पूर्ण खेचल्यावर हातावर फक्त १५ पाउंड उरतात. म्हणून तर स्कोपमधून शांतपणे नेम धरता येतो. पण रिलीज, म्हणजे दोरी सोडायचं हातातलं यंत्र, दाबताच साठलेली सगळी ताकद बाणाच्या मागच्या टोकावर येते. बाण दोरीवर असतो तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्या वेळात दोरी ज्या रेषेत धावते, त्याच रेषेत बाणाचं टोक असलं पाहिजे. सगळ्या जुळवणीचा हेतू एवढाच.

आता क्रम. माझ्या मते क्रम चुकणं हे जुळवणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. बाण डावीकडे गेला की लोक आधी रेस्टचा, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराचा, स्क्रू पिळतात. रेस्टचा स्क्रू हाताशी असतो आणि ॲलन की खिशात असते, म्हणून. खरं तर धनुष्य आधी, बाण नंतर, रेस्ट सगळ्यात शेवटी.

धनुष्याची तपासणी म्हणजे प्रथम मोजमाप. दोन्ही लिम्बचे बोल्ट सारखेच फिरवलेले असावेत. पूर्ण घट्ट करून तिथून मोजून सारखे आटे सोडावेत, आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा एकही आटा जास्त सोडू नये. लिम्ब सुटून तोंडावर येऊ शकतो. मग एका कॅमच्या ॲक्सलपासून दुसऱ्याच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर आणि ग्रिपच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, मोजून वहीत लिहावं. हे दोन आकडे कंपनीच्या आकड्यांशी जुळत नसतील तर बहुधा दोरी किंवा केबल ताणली गेली आहे, असं समजायचं. पुढचं सगळं या पायावर उभं राहतं, त्यामुळे ते आधी दुरुस्त करायचं. केबलला पीळ घातला की ती आखूड होते, पीळ काढला की लांबते. यासाठी बो-प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून दोरी सैल करणारं यंत्र, लागतो. प्रेस नसेल तर ज्या अकादमीत आहे तिथे जावं. घरी पाय लावून लिम्ब दाबण्याचे प्रकार करू नयेत.

यानंतर कॅमचं टायमिंग. बहुतेक दोन कॅमच्या धनुष्यात दोन्ही कॅमना थांबे असतात आणि पूर्ण खेचल्यावर ते केबलला टेकतात. दोन्ही थांबे एकाच क्षणी टेकले पाहिजेत. स्वतः खेचताना हे दिसत नाही, म्हणून बाजूला कुणाला तरी उभं करावं. तिरंदाजाने बाण लावून, समोर बट, म्हणजे बाण अडवणारी गादी, ठेवून, अगदी सावकाश खेचायचं आणि शेवटच्या इंचात बघणाऱ्याने सांगायचं: वरचा आधी टेकला की खालचा. ड्रॉ-बोर्ड, म्हणजे धनुष्य खेचून धरणारी फळी, असेल तर उत्तमच. वरचा थांबा टेकलेला आणि खालच्यात कागद सरकेल एवढी फट असेल, तर दोरी सुटताना मध्यबिंदू सरळ न धावता वरखाली होतो आणि बाणाची शेपूट उडते. अशा वेळी केबलला अर्धा किंवा फार तर एक पीळ द्यायचा आणि पुन्हा बघायचं. कोणती केबल हे कॅमच्या प्रकारावर ठरतं. पीळ दिला की पीप, म्हणजे दोरीतलं नेम धरायचं भोक, कधीकधी थोडा फिरतो, तेव्हा तोही सरळ करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, तरी त्यावर अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्यावी. कॅम जुळले नसताना रेस्ट सरकवून कागदावर चांगली खूण आणता येते, पण मैदानावर थोडं सैल किंवा थोडं जास्त ओढलं की बाण वरखाली पसरतात.

कॅमचा कलही बघावा. केबल मधोमध असत्या तर बाणाला अडल्या असत्या, म्हणून केबल गार्ड त्यांना बाजूला ओढून धरतो. त्या ओढीने कॅम तिरपा होतो. एक सरळ बाण कॅमच्या सपाट बाजूला टेकवून धरावा आणि मागून दोरीच्या रेषेशी ताडून बघावा. थोडा कल बहुतेक धनुष्यांत असतोच. फार असेल तर, ज्या धनुष्यात केबलचं टोक दोन फाट्यांत विभागलेलं असतं तिथे एका फाट्याला पीळ देऊन तो कमी करतात. काही धनुष्यांत कॅमच्या बाजूच्या पातळ चकत्या बदलून कॅम डावीउजवीकडे सरकवता येतो.

आता बाण. बाणाचा ताठपणा म्हणजे स्पाइन. तो मोजण्याची पद्धत ठरलेली आहे: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर नळी ठेवायची, मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि नळी किती वाकली ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ०.४०० इंच वाकली तर स्पाइन ४००. म्हणजे आकडा लहान, बाण ताठ. पण हा झाला टेबलावरचा ताठपणा. सुटताना बाण किती वाकतो हे पाउंडेज, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन यांवर अवलंबून असतं. बाण लांब ठेवला किंवा टोक जड केलं की तो मऊ वागतो, कापून आखूड केला की ताठ वागतो. बोटांनी दोरी सोडणाऱ्यांचे बाण आडवे वाकत, धनुष्याला वळसा घालत जातात, हे १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं होतं. कंपाऊंडमध्ये रिलीजमुळे दोरी बाजूला सरकत नाही, त्यामुळे आडवं वाकणं फारच कमी, जे काही ते बहुतांशी उभं. म्हणून कंपाऊंडला स्पाइनची चूक थोडी जास्त माफ होते. तरी कंपनीचा तक्ता बघून आपल्या पाउंडेजला आणि लांबीला बसणाराच बाण घ्यावा. बारा बाण हवेत तर बाराही एकाच स्पाइनचे, एकाच लांबीचे आणि वजनाला एकसारखे हवेत. प्रत्येक बाण वापरण्याआधी दोन्ही हातांनी हलकासा वाकवून कानाशी धरावा. करकर आवाज आला तर तो बाण मोडून टाकावा. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

नंतर बाण बसण्याची जागा. नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, दोरीत बसवला की बाण रेस्टच्या बोल्टच्या भोकासमोरून, दोरीशी काटकोन करून जावा. काटकोनी पट्टी दोरीला लावून हे बघता येतं. सुरुवात काटकोनापासूनच करावी. डी-लूपच्या, म्हणजे दोरीवर रिलीज अडकवायच्या फासाच्या, गाठी अशा घट्ट बसाव्यात की नॉक खालीवर सरकणार नाही, पण चिमटलाही जाणार नाही. मागून बघितलं तर दोरी, बाण आणि स्टॅबिलायझर, म्हणजे पुढचा तोलाचा दांडा, एका रेषेत दिसावेत. रेस्ट रायझरपासून, म्हणजे धनुष्याच्या मधल्या भागापासून, किती दूर हवा याचा आकडा कंपनी देते, तिथून सुरुवात करावी.

एवढं झालं की कागद. लाकडी चौकट करून तिच्यावर साधा कोरा तावाचा कागद ताणून बसवावा. चौकट खांद्याच्या उंचीला, तिरंदाजापासून दीड-दोन मीटरवर, आणि तिच्या मागे मीटरभर अंतरावर भक्कम बट. कागद छोट्या जागेत करता येतो म्हणून गल्लीत करायचा, असं अजिबात नाही. बटच्या मागे आणि बाजूंना पक्की भिंत, आणि मध्ये कुणी येऊ शकणार नाही अशी बंद जागा हवी. दाराला आतून कडी लावल्याशिवाय बाण लावूच नये.

कागद फाडून बाण गेला की जवळ जाऊन बघा. टोकाने पाडलेलं गोल भोक दिसेल आणि त्याच्याशी तीन व्हेनच्या, म्हणजे बाणाच्या पंखांच्या, तीन बारीक चिरा. बाण सरळ गेला असेल तर चिरा भोकातूनच तीन दिशांना फुटलेल्या असतात. शेपूट वाकडी असेल तर भोक एकीकडे आणि चिरांचं टोक दुसरीकडे, मध्ये लांबोडी फाट. फाट कोणत्या बाजूला आहे, म्हणजे शेपूट कुठून गेली, ते बघायचं. मात्र एका बाणावरून काहीही ठरवू नये. तीन बाण सलग सारखीच खूण देत असतील तरच ती धनुष्याची. खुणा दर वेळी वेगळ्या पडत असतील तर दोष हाताचा.

शेपूट वर असेल तर नॉक जास्त उंच आहे: डी-लूप खाली घ्या किंवा रेस्ट वर उचला. शेपूट खाली असेल तर उलट. यात वाद नाही. सरकवायचं ते मिलिमीटरभराहून कमी. दोन-तीनदा करूनही वरची फाट हलत नसेल तर रेस्टचा नाद सोडून दोन गोष्टी बघाव्यात. एक, कॅमचे थांबे. दुसरी, व्हेन रेस्टला घासतायत का. यासाठी बाणाच्या मागच्या भागावर आणि रेस्टच्या पात्यावर टाल्कम पावडर फवारावी आणि बाण सोडून बघावं. घासलं असेल तिथे पावडर पुसलेली स्पष्ट दिसते. नॉक थोडासा फिरवला की बहुतेकदा हे सुटतं.

आडव्या फाटीचं प्रकरण जास्त अवघड आहे, आणि इथे छापील तक्त्यांवर डोळे झाकून विसंबू नये. उजव्या हाताच्या तिरंदाजाची शेपूट डावीकडे गेली तर काही तक्ते रेस्ट उजवीकडे न्यायला सांगतात, तर काही अनुभवी लोक डावीकडे. दोन्ही बाजूंना पटतील अशी कारणं आहेत, कारण आडवी फाट एकाच गोष्टीने होत नाही. मी सांगेन तो मार्ग असा: आधी हात बघा. ग्रिप अंगठ्याच्या बुडाशी टेकलेली असावी, बोटं सैल असावीत, मुठीची हाडं तिरपी, साधारण ४५ अंशांत असावीत. फिंगर स्लिंग, म्हणजे बोटांना अडकवायचा पट्टा, असल्यावर धनुष्य पडण्याची भीती नाही, मग मूठ आवळायचं कारणच उरत नाही. ग्रिप किंचित जरी पिळली तरी फाट आडवी होते. हात बरोबर असूनही फाट कायम असेल तर कॅमचा कल बघा. तेही ठीक असेल तर रेस्ट एका दिशेला अर्धा मिलिमीटर सरकवा. फाट लहान झाली तर दिशा बरोबर, वाढली तर उलट. इथे कागद सांगेल तेच खरं. त्यानंतर फाट कमी होते पण जात नाही, असं झालं तर बाणाच्या स्पाइनचा विचार करायचा: टोकाचं वजन बदलून बघायचं, पाउंडेज अर्धा-एक आटा कमी-जास्त करून बघायचं.

दोन मीटरवर खूण स्वच्छ आली की तीन-चार मीटरवरून पुन्हा बघावी. बाण थरथरत जातो, त्यामुळे एखाद्या ठरावीक अंतरावर तो नेमका सरळ असण्याचा योगायोग घडतो. दोन अंतरांवर स्वच्छ खूण म्हणजे खात्री.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेलं वहीत लिहावं. रेस्ट आणि डी-लूप दोन्ही हलवले आणि बाण सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

पुढचं काम मैदानावरचं. १८-२० मीटरवर व्हेन लावलेले तीन बाण आणि व्हेन नसलेले दोन बाण त्याच नेमाने मारावेत. व्हेन बाणाची वाकडी चाल हवेत सुधारते. उघड्या नळीला ती मदत नसते, म्हणून ती खरं बोलते. उघडे बाण खाली लागले तर नॉक अजूनही थोडा उंच आहे, वर लागले तर खाली. उघडे बाण इतरांच्या गठ्ठ्याजवळ पडू लागले की पुढे जायचं. हे हौसेचं काम नाही आणि नवशिक्याने ते घाईने करूही नये. उघडा बाण वाईट सुटला तर बटला तिरपा लागून तुटू शकतो.

शेवटी जवळ-लांब तपासणी. बटवर एक उभी सरळ रेघ आखावी, ओळंबा लावून. तीन-चार मीटरवरून रेघेवर नेम धरून बाण मारा. रेघेपासून बाजूला लागला तर स्कोप सरकवा. मग ५० मीटरवर जाऊन साइटची उंची त्या अंतराला लावा आणि रेघेवरच मारा. इथे गठ्ठा डावीकडे असेल तर स्कोपला हात लावायचा नाही, रेस्ट उजवीकडे सरकवायचा. उजवीकडे असेल तर डावीकडे. हलवायचं ते नखाएवढंही नाही. पुन्हा जवळ या, पुन्हा लांब जा. दोन्ही ठिकाणी बाण रेघेवर पडू लागले की बाणाची दिशा आणि दोरीची दिशा एक झाली. जवळ साइट, लांब रेस्ट, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. ही तपासणी वाऱ्याच्या दिवशी करण्यात अर्थ नाही. पहाटे मैदान निवांत असतं, तेव्हा करावी.

गठ्ठा नीट झाला की बाणांना १ ते १२ क्रमांक घालून प्रत्येक बाण कुठे लागतो ते नोंदवावं. एखादा क्रमांक दर वेळी गठ्ठ्याच्या बाहेर जात असेल तर त्याचा नॉक थोडा फिरवून बघा. तरीही जात असेल तर तो सरावासाठी ठेवा, स्पर्धेसाठी नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. विजेत्याची मापं वाचून आपलं धनुष्य तसं लावण्याचा मोह होतो. ओजसची मापं ओजसच्या हाताला, खांद्याला आणि ग्रिपच्या सवयीला बसलेली आहेत. तेच धनुष्य तुमच्या हातात दिलं तर कागदावर वेगळी खूण पडेल. शिकायची ती त्यांची पद्धत.

भिलाईच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत धनुष्य बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उष्णतेने दोरी आणि केबल ताणतात, लिम्बलाही धोका होतो. नवी दोरी असेल तर पहिल्या काही शे बाणांत ती बसते, तोवर अंतिम जुळवणी करू नये. जुळवणी झाल्यावर दोन्ही कॅमवर, लिम्बच्या कडेला जिथे येतो तिथे, चंदेरी पेनाने बारीक रेघ मारावी, डी-लूपच्या वर आणि खाली एक-एक खूण करावी, आणि ब्रेस हाइट मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. पुढे कधी पीप तिरका दिसू लागला किंवा गठ्ठा वरखाली पसरू लागला, तर रेस्टच्या स्क्रूकडे न जाता आधी या खुणा बघायच्या. रेघ हलली असेल किंवा ब्रेस हाइट दोन मिलिमीटरने बदलली असेल, तर आधी दोरी-केबल मूळ मापावर आणायची. बहुतेक वेळा रेस्टला हात लावायची गरजच पडत नाही.